जुनी झडप, नवी झडप

आमच्या घरात सध्या दोघांना पित्ताचा त्रास आहे. एक मी, वय ६८ वर्षं. दुसरा माझा नातू, वय दोन महिने. कारण दोघांचंही एकच. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे स्नायूंची एक गोल झडप असते. आलेला माल खाली सोडायचा आणि परत वर येऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. माझी झडप जुनी होऊन सैल पडली आहे, त्याची अजून कामावर रुजू व्हायची आहे. पण मी रात्री आंबट ढेकर दिला तर "मिसळीवर दुसऱ्यांदा कट कुणी मागितला होता?" एवढंच कानावर येतं, नातवानं ओठाच्या कोपऱ्यातून चमचाभर दूध काढलं की घरातले सगळे दिवे लागतात.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, कोल्हापूरला आलेली. महिना भरता भरता नातवानं दूध टाकायला सुरुवात केली. कधी प्यायल्या प्यायल्या, पातळ. कधी अर्ध्या तासानं, दह्याच्या कवड्यांसकट. कधी हनुवटीवरून ओघळणारी नुसती धार, तर कधी अशी गुळणी की लाळेरं, झबलं, दुपटं, लेकीचा गाऊन आणि खालची चादर एका दमात धुवायला. आणि एवढा पराक्रम करून साहेब बोळकं पसरून हसायचे. ते हसणं कुणी हिशेबात धरलं नाही, कारण तोवर घरात निदान करणाऱ्यांची रांग लागली होती.

सौ. म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला, "बाळंतिणीनं वांगं तर नाही ना खाल्लं?" हा प्रश्न असा, की उत्तर काहीही दिलं तरी चूक माहेरचीच ठरते. पाठोपाठ उपाय : बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी. "आमच्या मुलाला मी हेच लावत होते, बघा कसा खणखणीत वाढला!" आमचे जावई सव्वासहा फूट आणि वजनानं उंचीला साजेसे असल्यामुळे पुरावा नाकारायची सोय नव्हती. शेजारच्या काकू ग्राइप वॉटरची बाटलीच घेऊन आल्या. जावईबापू पुण्यात रात्रभर जागून मोबाइलवर वाचन करत होते आणि पहाटे एकेक भयंकर रोगाचं नाव आम्हाला पाठवत होते. बाळाला अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी मात्र टाळूवर तेल घालता घालता एका वाक्यात विषय संपवला : "आवं, प्वाट भरलंय म्हून उतू जातंय. हसतंय की त्ये!" पुढे हेच वाक्य डॉक्टरांनी फी घेऊन सांगितलं.

ग्राइप वॉटरबद्दल मला आधीपासून आदर आहे. १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं ते तयार केलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल, खायचा सोडा, साखर आणि बऱ्यापैकी मद्यार्क. हल्ली तो नसतो. पण जुन्या काळी दोन चमचे पाजले की बाळ गाढ झोपायचं, असं आमची आई सांगायची, त्यात नवल ते काय! तेवढ्याशा औषधावर आमच्या पाटबंधारे खात्यातली मोठमोठी माणसं गाढ झोपलेली मी पाहिली आहेत.

सौ.ने तोपर्यंत माळ्यावरची सहाण काढली. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ असं सगळं ताटात मांडलं गेलं. जायफळाचा वळसा एक की दोन, यावर कोल्हापूर आणि पुणे यांच्यात फोनवरून वाटाघाटी सुरू झाल्या. त्या यशस्वी होण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, गाडी काढा."

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सौ.चं दृष्टीपासून वांग्यापर्यंतचं निवेदन त्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांत आधी बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. त्यानं काट्यावरच कारंजं उडवलं. "हे उत्तम," त्या म्हणाल्या आणि दिवसाला किती लंगोट ओले होतात ते विचारलं. सहाच्या वर होत असतील तर पोटात पुरेसं दूध राहतंय. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम वजन वाढावं, आमच्या पहिलवानाचं त्याहून थोडं जास्तच वाढलेलं. मग त्यांनी एका सिरिंजमध्ये १० मिलिलिटर पाणी घेतलं, म्हणजे दोन चमचे, आणि टेबलावर पसरलेल्या आमच्याच दुपट्यावर ते सोडलं. बघता बघता जेवणाच्या ताटलीएवढा डाग पसरला. "प्यालेलं सगळं काढतो, असं म्हणता ना? ते एवढं असतं." सौ.चा चेहरा थोडा पडला. सगळं दूध जातंय या हिशेबानं ती लेकीला आळिवाच्या खिरीची दुसरी वाटी देत होती.

मग मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. निवृत्त झालो तरी आवक-जावक मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. या वयाचं बाळ किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. माझं वजन ७० किलो. म्हणजे त्याच्या मापानं मी रोज साडेदहा लिटर दूध प्यायला हवं. तेही बहुतेक वेळ आडवं पडून, आणि एक कच्ची झडप घेऊन. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात, पातळी उतरली की आपले आपण मिटतात. कुणी बटण दाबत नाही, कुणाला विचारत नाही. इकडे पंचगंगेच्या काठानं धावपळ उडते, फोन वाजतात, माणसं पाणी बघायला पुलावर जमतात; तिकडे धरण शांत असतं. आमच्या घरात नेमकं हेच चाललं होतं. पाणी सोडणारा शांत, आणि आम्ही पूरग्रस्त.

दूध टाकणं साधारण चौथ्या महिन्यात शिगेला पोचतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या वयाच्या तिघांतली दोन बाळं रोज कधी ना कधी दूध टाकतात. वर्षाच्या आसपास हे प्रमाण विसात एकावर येतं. बाळ बसायला, उभं राहायला लागतं, घट्ट खायला लागतं, झडपही वयात येते. "म्हणजे औषध काय?" सौ.नं विचारलं. "कॅलेंडर," बाई म्हणाल्या.

एवढं हसत बोलणाऱ्या बाई एका ठिकाणी मात्र हसल्या नाहीत. ते सगळं मी घरी कालनिर्णयच्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं आहे. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त दिसलं तर वाट बघायची नाही, तडक दवाखाना. दूध ओघळत नसून लांबवर फेकलं जात असेल, दर पाजण्यानंतर, आणि लगेच पुन्हा भूक, तर तेही थांबण्यासारखं नाही. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. हे बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कळतं आणि छोट्या शस्त्रक्रियेनं बरं होतं. वजन न वाढणं, लंगोट कोरडे राहणं, ताप, मरगळ, श्वास अडकणं किंवा ओठ निळे पडणं, यातलं काहीही झालं तर घरातली सहाण घरात ठेवून निघायचं. आणि एखादं बाळ दूध फारसं टाकत नाही, पण पाजायला घेतलं की पाठीची कमान करून मान मागे टाकतं, दोन घोट घेऊन किंचाळतं, मग प्यायचंच नाकारतं. त्याला खरी जळजळ होत असेल. कधी कधी आईच्या आहारातल्या गाईम्हशीच्या दुधाचं बाळाला वावडं असतं. तेव्हा डॉक्टर आईला काही आठवडे दूधदुभतं सोडायला सांगतात. हे शेवटचं वाक्य ऐकून सौ.नं हातातली पिशवी घट्ट धरली, कारण तिच्यात डिंकाच्या लाडवांसाठी घेतलेलं साजूक तूप होतं. आमच्या बाळाला तसं काही नव्हतं, तूप वाचलं.

जावयांनी फोनवरून विचारलं, मोठ्या माणसांना पित्तावर देतात तसं काही थेंबात मिळत नाही का? मिळतं. पण आदल्याच रात्री त्यांनी स्वतः वाचलेलं त्यांना आठवलं आणि तेच सांगू लागले. २००९ साली १६२ बाळांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आम्ल कमी करणारं औषध दिलं, निम्म्यांना त्याच्यासारखं दिसणारं नुसतं पाणचट काहीतरी. औषध घेणाऱ्या ५४ टक्के बाळांचा त्रास कमी झाला. दुसऱ्या गटातल्या किती? त्याही ५४ टक्के. सौ. स्पीकरवर ऐकत होती. ती म्हणाली, "मग ते दुसरंच द्या की. त्यात काय असतं?"

"काही नसतं, आई."

"पण गुण तर येतो ना?"

सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढूनही जावयांना याचं उत्तर देता आलं नाही.

खरा वाद झाला तो उशीवरून. माझ्या पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन दोन विटा आहेत. माझ्या डॉक्टरांचा हुकूम : डोक्याची बाजू उंच, झोपायचं डाव्या कुशीवर, रात्रीचं जेवण आठच्या आत. तेव्हा बाळाच्या गादीखालीही काहीतरी सारावं, असं सौ.ला वाटणं साहजिक होतं. जावई तर ढाळ असलेली गादी ऑनलाइन मागवायच्या बेतात होते. बाईंनी दोन्ही मोडून काढलं. बाळानं झोपायचं पाठीवर, सपाट आणि बऱ्यापैकी टणक गादीवर. उशी नाही, लोड नाही, उतार नाही. उतारावर बाळ घसरतं, मान पुढे पडते आणि श्वास कोंडतो. बाळांच्या झोपायच्या उतरत्या गाद्या अमेरिकेनं २०२२ साली कायदा करून बंदच केल्या.

"पण पाठीवर असताना ओकलं तर घशात नाही का जाणार?" सौ.ची शंका रास्त होती, आणि इथे माझ्या नोकरीचा घरात पहिल्यांदा उपयोग झाला. मी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे दोन नळ काढले. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. बाळ पाठीवर असलं की श्वासाचा नळ वर राहतो आणि अन्नाचा खाली. वर आलेलं दूध पातळी धरून खालच्याच नळात परत जातं. वरच्या नळात शिरायचं तर त्याला चढ चढावा लागेल. बाळ पालथं घाला, की नेमकं उलटं. सौ.नं नकाशा नीट पाहिला आणि म्हणाली, "एवढं कळतं, तर आपल्या गच्चीच्या टाकीचं पाणी खाली का येत नाही?"

बाकीचे उपाय साधे होते. एका वेळी थोडं पाजायचं, पण लवकर लवकर. मध्येच एकदा थांबून ढेकर काढायचा. लंगोट पोटावर आवळायचा नाही. प्यायल्यावर खेळवायचं, हलवायचं, उडवायचं नाही; वीस-तीस मिनिटं उभं धरायचं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही नाही : गुटी नाही, पाणी नाही, आणि मध तर वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नाही. बेंबीभोवतीच्या हिंगाला बाईंनी हरकत घेतली नाही, "कातडी लाल झाली नाही तर लावा, तेवढंच घरातल्यांना बरं वाटतं," असं म्हणाल्या. विहीणबाईंपर्यंत यातलं फक्त पहिलं वाक्य पोचवण्यात आलं.

राहिला प्रश्न रात्री तीनच्या पाळीचा. लेक पाजून अर्धी झोपेत, सौ. पूर्ण झोपेत. मला तसंही पित्तानं जाग येतेच. "त्या वेळी मी खांदा देत जाईन," असं मी म्हणालो, तर सौ. कडाडली, "अहो, शुभ बोला!"

तेव्हापासून तीन वाजता तो माझ्या खांद्यावर असतो. त्याची हनुवटी खांद्याच्या पलीकडे, पोट छातीशी, माझा डावा हात बुडाखाली. उजव्या हाताचा तळवा किंचित पोकळ करून पाठीवर खालून वर थोपटायचं. जोरात नाही, पण कुरवाळूनही भागत नाही. आधी त्याचं अंग ताठ असतं, गुडघे पोटाशी, मूठ माझ्या बनियनच्या पट्ट्यात. मग आतून काहीतरी गुरगुरत वर सरकल्याचं माझ्या छातीला कळतं. आणि मग तो ढेकर! चार-पाच किलोच्या देहातून पंगतीत जिलबीचा तिसरा आग्रह परतवल्यावर येतो तसा भरदार. कधी त्याच्या मागोमाग कोमट धार कॉलरच्या आत, मणक्याच्या रेषेनं खाली कमरेपर्यंत. मी फडकं घेत असे ते डाव्या खांद्यावर, तो नेम धरतो उजवीकडे. हल्ली मी दोन्ही खांद्यांवर फडकी घेतो. तो मधून, मानेवर सोडतो. पण मूठ सुटलेली असते, गुडघे सैल झालेले असतात. उभ्यानं अर्धा तास फेऱ्या मारायच्या असल्यामुळे माझंही अन्न खाली उतरतं. माझ्या डॉक्टरांनी जेवणानंतर शतपावली सांगितली होती, ती इतकी वर्षं राहूनच गेली होती.

मग विहीणबाई बाळ-बाळंतिणीला न्यायला आल्या. नवी कोरी पैठणी, मोरपंखी. दारातच त्यांनी हात पुढे केले. बाळाचं पाजणं नुकतंच झालं होतं. "जरा थांबा, अर्धा तास..." असं मी म्हणालो, लेकीनंही सांगितलं, पण आजीला कोण थांबवणार? त्यांनी त्याला उचललं, हलवलं, गालाला गाल लावला, वर झेलल्यासारखंही केलं. आम्ही सगळे त्या पदराकडे बघत उभे. आणि पठ्ठ्यानं एक थेंब काढला नाही. टकामका बघत राहिला, हसला, आणि त्यांच्या खांद्यावर शांत झोपून गेला.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "हिंगाचा गुण!"

सौ.नं माझ्याकडे बघितलं. डबीतलं शेवटचं हिंग तिनं सकाळीच आमटीच्या फोडणीला घातलं होतं. बाळाला त्या दिवशी काहीच लावलेलं नव्हतं. ती आमटी मी दोन वाट्या ओरपली होती. मी तोंडावर हात धरला, पण ढेकर काही थांबला नाही.