एवढा एक वायसर

सांगलीत गावभागात आमच्या आक्काकडं गेलं की पाहुण्याला मारुती 800 च्या मागच्या सीटवर बसवतात. गाडी चौकात विटांवर, सीट सोप्यात. बसलं की पट्ट्याचं बक्कल बरोबर कमरेत घुसतं. समोर टीपॉयवर चहा, चहाशेजारी रॉकेलमध्ये धुऊन जुन्या पेपरवर वाळत घातलेले तीन पिस्टन, आणि पिस्टनांच्या पलीकडं हात पुसत उभे दाजी. आपण काही विचारलेलं नसतं. तरी ते सांगतात, "झालीच बघा पाव्हणं. एवढा एक वायसर राहिलाय."

असा माणूस आपल्या माहितीत नाही असं मला सांगू नका. कुणाचा मामा असतो, कुणाचा वरच्या मजल्यावरचा शेजारी. कुणाची जीप असते, कुणाची यझदी. नखं काळी असतात, लग्नपत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीनं कसली तरी मापं लिहिलेली असतात, आणि गाडी कधीच बंद पडलेली नसते, ती 'कामाला काढलेली' असते. दाजींनी ही कामाला काढली तेव्हा भाची बालवाडीत होती. आता ती वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला आहे.

नुसती दुरुस्ती असती तर कधीच संपली असती. मारुती 800 ही काही अवघड गाडी नव्हे. डिसेंबर 1983 मध्ये पहिली रस्त्यावर आली, 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबलं, आणि मधल्या काळात या देशातल्या प्रत्येक झाडाखालच्या मेकॅनिकनं ती डोळे मिटून खोलली आणि जोडली. पण दाजींना भंगारात एका डिझेल गाडीचा टर्बो मिळाला. नारळाएवढा. तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून घरी आणला आणि आक्काला वाटलं, सत्यनारायण घालायचाय.

टर्बो म्हणजे काय हे दाजींनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मी झोपेत सांगीन. इंजिनातून सायलेन्सरवाटे जो गरम धूर फुकट बाहेर जातो तो एका छोट्या पंख्यावर सोडायचा. पंखा फिरतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणजे ताकद जास्त. दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तरंगते तेलाच्या पातळ थरावर. दाजी एका पतसंस्थेत वसुली अधिकारी आहेत. त्यांना ही कल्पना का आवडली ते मला लगेच कळलं. बुडीत निघालेल्या धुराकडूनसुद्धा वसुली!

पण पुढं काय होतं बघा. मूळ इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत. त्याला टर्बो लावायचा तर धुराचा मॅनिफोल्ड बसत नाही. म्हणून कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडं खेटे. मॅनिफोल्ड झाला, तर पेट्रोलचा धूर डिझेलच्या धुरापेक्षा गरम, त्यामुळं टर्बोतलं तेल करपतं, सील जातात आणि चौकात निळा धूर होतो. तो आवरला, तर हवा आधीच दाबून आलेली, पिस्टन ती आणखी दाबतो, मग पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतं आणि इंजिन आतून हातोडी मारल्यागत ठोकायला लागतं. त्यावर उपाय म्हणून हेडखाली जाड पॅकिंग. मग कार्ब्युरेटर चालत नाही, त्याच्या जागी इंजेक्शन आणि कॉम्प्युटर. मग क्लचप्लेट घसरते. क्लच नवा घातला की गिअरबॉक्स कुरकुरतो. आणि एवढी ताकद आली तर थांबायचं कसं, म्हणून ब्रेक.

या सगळ्याला दाजी वायसर म्हणतात. क्लचप्लेट हा वायसर. गिअरबॉक्स हा वायसर. एकदा तर चौकात अख्खं इंजिन नव्हतं, ते बोअर करायला गेलेलं, आणि समोरच्या मोकळ्या खड्ड्याकडं बघत दाजी मला म्हणाले, "बाकी समदं रेडी हाय. एवढा एक वायसर."

हळूहळू हा वायसर गाडीबाहेर पडला. भाचीच्या ॲडमिशनला एक वायसर राहिला होता, म्हणजे नॉन-क्रिमीलेयरचा दाखला. माडीच्या बांधकामाला एक वायसर राहिला होता, म्हणजे स्लॅब. दाजींच्या चुलतभावाचं लग्न गेली काही वर्षं जमल्यातच जमा आहे, एवढा एक वायसर राहिलाय. वायसर म्हणजे मुलगी.

नोकरीवर हाच माणूस वेगळा. थकबाकीदारासमोर बसले की दाजींच्या चेहऱ्यावर माशी बसत नाही. "कारणं नकोत, तारीख सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तासगाव भागातला एक द्राक्षवाला एकदा हप्त्याची मुदत मागायला थेट घरी आला. त्यालाही सीटवर बसवलं, चहा दिला. त्यानं पिस्टन बघितले, चौकातली गाडी बघितली, विटांवर उगवलेलं गवत बघितलं आणि नम्रपणे विचारलं, "साहेब, चालू कधी व्हायची?" दाजी बोलून गेले. तो कप खाली ठेवून उठला. "मग माझाबी तेवढाच राहिलाय साहेब. बेदाणा इकला की बसवतो." त्या गावात आता हप्त्याला वायसर म्हणतात, असं आक्का सांगते. दाजी हे नाकारतात.

उशीर झाला म्हणून कुणी हसलं तर दाजींकडं इतिहास तयार असतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली टर्बोचं पेटंट घेतलं आणि त्याचं यंत्र धड चालायला 1925 उजाडलं. "वीस वर्षं, पाव्हणं! त्याला कुणी विचारलं नाय, चालू कधी व्हायची म्हणून." (विचारलं असणार. फक्त त्याची सासुरवाडी साताऱ्यात नव्हती.) ब्यूखी पुरला नाही तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला दोन वर्षं कुणी हातात धरेना, लोखंडानं जमीन नासते म्हणायचे. पुढं 1910 साली त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती आपल्याच जिल्ह्यात, हे सांगताना दाजींची छाती अशी फुगते की जागा त्यांनीच दाखवली असावी. मीही साताऱ्याचा, गप्प बसत नाही. आमच्याकडं धनजीशा कूपर होते म्हणतो. साताऱ्यात त्यांनी इंजिनं काढली आणि शिवाय 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. त्यावर दाजी शांतपणे म्हणतात, "डिझेल. आणि बिनटर्बोचं."

त्यांचा इतिहास एकदाच तोकडा पडला. 2021 च्या डिसेंबरात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची बातमी आली. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, कडेगाव तालुक्यातलं. तिथं लोहारांनी मुलाच्या हौसेसाठी जुन्या सुट्या भागांतून साठेक हजारांत चारचाकी केली, ती मोटरसायकलसारखी किक मारून चालू व्हायची. आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ बघून बोलेरो देऊ केली आणि महिन्याभरात दिलीही. सांगली जिल्ह्यात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. ज्यानं त्यानं दाजींना फोन करून ही बातमी सांगितली. मी तर मुद्दाम दोनदा केला. दाजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माणूस कलाकार. मानलं. पण त्यात टर्बो कुठाय?"

आक्कानं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब मांडला. उसाच्या बिलातले गेले, दिवाळीच्या बोनसातले गेले, भिशीचा तिचा नंबर लागला तेव्हा फ्रिज यायच्या ऐवजी रेडिएटर आला. साठ हजारांच्या रेघेपाशी येऊन तिनं पेन्सिल ठेवून दिली, कारण पुढं कागद संपला होता.

कायद्याचीही एक बाजू आहे, ती मीच काढली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि त्यावर 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे रस्त्यावर आली तर गुन्हा ना?" "हो." "मग उभ्या गाडीला कसला गुन्हा?" एवढं बिनतोड उत्तर मी वकिलाकडूनही ऐकलं नाही. गाडी पूर्ण होत नाही तोवर ती कायदेशीर.

इथवर लिहून थांबायचा माझा बेत होता. चार लोक हसले असते, आक्का माझ्यावर चिडली असती आणि दाजींनी कात्रण काढून पिस्टनाखाली घातलं असतं. पण 2019 चा ऑगस्ट मध्ये येतो.

त्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 ची. गावभागात पाणी शिरलं तेव्हा आक्का कागदपत्रं आणि देव घेऊन माडीवर गेली. दाजी खाली राहिले. मला वाटलं, टर्बो वर नेत असतील. ते पान्यांची पेटी वर नेत होते. गाडी विटांसकट बुडाली.

पाणी उतरल्यावर मी साताऱ्याहून गेलो, पाण्याचे कॅन आणि ब्लीचिंग पावडर घेऊन. बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. चिखलानं भरलेल्या मोटरसायकली, स्कूटी, एक रिक्षा, दोन पाण्याच्या मोटारी, सगळ्या रांगेत, आणि रांगेच्या टोकाला दाजी. येणाऱ्या प्रत्येकाला आधी ओरडत होते, "स्टार्टर मारू नका! किक मारू नका! आत पाणी हाय, रॉड वाकंल!" मग प्लग काढायचे, गाडी हळूहळू फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर घालवायचे, दुधाळ झालेलं तेल सोडायचे, कार्ब्युरेटर उघडून गाळ धुवायचे, नवं तेल घालून पुन्हा थोडं फिरवायचे आणि मग ठिणगी. एका दूधवाल्याची गाडी चालू झाली तेव्हा तो माणूस तिथंच रस्त्यात खाली बसला. घरातलं सगळं गेलं होतं, सकाळचं दूध घालायचं साधन तेवढं परत आलं. त्यानं पैसे विचारले. दाजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." वसुली अधिकाऱ्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

इतकी वर्षं त्या चौकात काय चाललं होतं, त्याचा हिशेब आक्काच्या कागदावर नव्हता. माणसानं एकाच गाडीचा प्रत्येक नटबोल्ट शंभर वेळा खोलला की बाकीच्या सगळ्या गाड्यांची नाडी त्याला कळते. त्यांची स्वतःची मारुती मागं चिखलात तशीच होती. मी विचारलं, तर म्हणाले, "ती काय, तिला कुठं जायचंय?"

मग ती परत सुरू झाली, म्हणजे परत विटांवर चढली. आणि परवाच्या दिवाळीआधी भाचीनं, कुणाला न विचारता, सुट्टीत लॅपटॉप घेऊन गाडीपाशी बैठक मारली. इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला कुठल्या दाबाला किती पेट्रोल सोडायचं ते आकडे ती रात्र रात्र बदलत बसली. दाजी शेजारी बॅटरी धरून उभे. पाडव्याच्या पहाटे गाडी चालू झाली, तिन्ही सिलिंडर एका सुरात, निळा धूर नाही, ठोका नाही. सगळी आळी गोळा झाली. दाजी म्हणे वाकून वाकून गाडीखाली काही राहिलंय का ते बघत होते.

भाऊबीजेला ती साताऱ्याला आली. आक्का एसटीनं आली, कारण तिनं सीटवर बसायला साफ नकार दिला. त्या सीटवर तिनं पाहुण्यांची कंबर जाताना बघितली होती. दाजी आणि भाची पेठ नाक्यावरून, कऱ्हाडवरून, कलम 52 च्या नाकावर टिच्चून आले. संध्याकाळी मला यवतेश्वरच्या घाटात नेलं. दुसऱ्या वळणानंतर टर्बोनं शीळ घातली आणि ती आठशे अशी काही पुढं झेपावली की मी सज्जनगडाच्या दिशेनं हात जोडले. भाची मागं खिदळत होती.

घरी आल्यावर दाजी जेवले आणि गप्प बसले. मी वाट बघत होतो. ब्यूखी आला नाही, किर्लोस्कर आले नाहीत. कुणीतरी विचारलं, "मग दाजी, झाली म्हणायची गाडी?" त्यांनी मान हलवली, कंदी पेढ्याचा पुडा उघडला, परत बांधला. लग्नात मुलगी पाठवून आलेला बाप बसतो तसे ते कोपऱ्यात बसले होते, आणि त्यांची स्वतःची मुलगी तर समोर मोबाईल बघत बसली होती.

दोन आठवड्यांनी आक्काचा फोन आला. आवाज बरा वाटला.

"खोलली बाबा एकदाची."

"का? काय झालं तिला?"

"काय नाही झालं. ते म्हणतात, टर्बो उशिरा पकडतोय. मला काय कळतंय त्यातलं? पण इतके दिवस नुसते माझ्या मागं. चल म्हणे बागेतल्या गणपतीला जाऊ, चल म्हणे भडंग खाऊ. लग्नापासनं कधी विचारलं नाही रे असं. मी घाबरूनच गेले." मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, मग भाचीचा, कुठला तरी पाना मागणारा. "तू येशील तेव्हा एक काम कर. येताना मोठी ताडपत्री आण. पावसाळ्याच्या आत काही होत नाही यांचं."