‘पारंपरिक’ लिहून मोकळे होणाऱ्यास खुले पत्र



हळदीच्या गाण्यांची तुम्ही छापलेली पुस्तिका आमच्या खारी गावात घरोघरी पोचली आहे. मांडव पडला की कुणाच्या तरी हातात ती असतेच. तिच्यातल्या प्रत्येक गाण्याखाली तुम्ही एकच शब्द ठोकून दिलात, पारंपरिक. कवीचा पत्ता नाही, संगीतकाराचा नाही. नाव शोधायचा कंटाळा आला की परंपरेच्या नावावर खपवून द्यायचं, हा उद्योग तुम्हाला शिकवला कुणी?

‘मी डोलकर’ शान्ता शेळक्यांनी लिहिलं. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाई आणि हेमंतकुमारांचे. ‘वादळवारं सुटलं’ आणि ‘राजा सारंगा’ हीसुद्धा शान्ताबाईंचीच. १९२२ साली इंदापुरात जन्मलेली ही बाई. तिने दर्यावरची बोली अशी काही आत्मसात केली की किनाऱ्यावरच्या गावांनी ही गाणी आपलीच मानली. कवीच्या वाट्याला याहून मोठं काय येतं? आणि तुम्ही मात्र तिचं नावच खोडलंत. शान्ताबाई २००२ साली गेल्या. कायद्याने कवीच्या शब्दांवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे तो २०६२ अखेरपर्यंत शाबूत आहे. तुमच्या पुस्तिकेवर किंमत छापलेली आहे, म्हणून हे सांगतो.

‘मी डोलकर’खाली अर्थही दिलात: ‘डोलकर म्हणजे होडीत डोलणारा’. अहो, उत्तन आपल्याच मीरा-भाईंदर महापालिकेत आहे! तिथल्या बंदरावर जाऊन विचारलं असतं, तर कुठल्याही नाखव्याने तुम्हाला डोल दाखवली असती. लांबच लांब पिशवीसारखं जाळं, तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळतं होत गेलेलं. ते समुद्रात पक्कं बांधून ठेवतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे करून. भरती-ओहोटीच्या जोराने बोंबील, जवळा आत शिरतो आणि पाणी मंदावलं की डोल वर ओढतात. त्या जाळ्यावर पोट असलेला तो डोलकर. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे तो, आणि तुम्ही त्याला झोपाळ्यावर बसवलंत.

‘गोमू संगतीनं’च्या पानावर लताबाईंचा फोटो आहे. गाणं आशाबाईंचं आणि हेमंतकुमारांचं, चित्रपट १९७६चा ‘हा खेळ सावल्यांचा’, शब्द सुधीर मोघ्यांचे. नुसतं कान देऊन ऐकलं तरी आवाज ओळखू येतो.

मागच्या पानावर ‘लताबाईंची तीस हजार गाणी, गिनीजमध्ये विक्रम’ असं ठळक छापलंत. गिनीजने १९७४ साली २५ हजारांचा आकडा छापला होता, हे खरं. त्यावर मोहम्मद रफींनी हरकत घेतली आणि १९९१मध्ये ती नोंद पुस्तकातून गेलीसुद्धा. ध्वनिमुद्रिका एकेक करून मोजणाऱ्या अभ्यासकांच्या हिशेबात लताबाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरतात. पाच हजार काय थोडी झाली? त्या आवाजाला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही.

पण मला खरा राग आलाय तो निराळ्याच गोष्टीचा. पारंपरिक गाणी आमच्याकडे आहेत, आणि ती तुमच्या पुस्तिकेत एकही नाही. आगरी लग्नात धवलारीण धवळे गाते. हळद, तेलवण, मांडव, प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं आणि ते तिने आईकडून, आजीकडून घेतलेलं असतं. लिहून ठेवलेलं काही नाही. आता डीजे लागला की तिला बाजूला बसवतात. एक म्हातारी गेली की किती धवळे तिच्याबरोबर जातात, याचा तुम्ही कधी विचार केलात? ज्यांना ‘पारंपरिक’ म्हणायचं ते धवळे तुम्ही कानाआड केलेत आणि ज्यांना कवी आहे त्यांचा कवी गायब केलात.

तेव्हा उरलेल्या प्रती परत घ्या. नवीन काढाल तेव्हा प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावं लिहा. आकाशवाणीचे निवेदक ती वर्षानुवर्षं सांगत आलेत. ध्वनिमुद्रिकेशी शब्द ताडून पाहा. मग फोनवरचं रेकॉर्डिंग चालू करून एखाद्या धवलारणीपुढे बसा, ती गाईल तसं उतरवून घ्या, आणि तिच्या परवानगीने खाली तिचं नाव व गाव छापा. खारीत यायचं असेल तर मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन.

कळावे,
खारीतील एक रहिवासी