सनकी नाना

नानांच्या स्वयंपाकघरात व्हिनेगरची मोठी बाटली असते, पण त्या घरात चायनीज कधी शिजलेलं नाही. शेजारी हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, पण कुणाला साधं खरचटलेलंही ऐकिवात नाही. दोघांची गाठ एका वाटीत पडते आणि त्या वाटीत जुन्या नाण्यावरचे पंचम जॉर्ज आंघोळीला बसतात.

नाणी जमवणारे वेगळे. ते नाणं कडेला धरतात, पाकिटात घालतात, त्यावरची काजळीसुद्धा जपतात. नानांना हवं असतं गुळगुळीत नाणं. पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मीपूजनाला आज्यांनी चिंच लावून घासघासून घालवलेला सन परत आणायचा, एवढाच त्यांचा ध्यास. सोसायटीत त्यांना ‘सनकी’ म्हणतात. नाना ती पदवी समजतात.

“ठसा मारताना धातू दाबला जातो,” नाना समजावतात. “वरचा आकडा झिजला तरी खाली दाब राहतो. आम्ल दाबलेली जागा वेगळी खातं, न दाबलेली वेगळी. मग उमटतो की!” हे खरं आहे. तांबं-निकेलच्या नाण्यावर तर छान उमटतो. अमेरिकेत रेड इंडियनच्या खांद्यावरचा सन हटकून झिजायचा, त्या निकेलांवर तिकडचे नाना हेच करतात.

परवा त्यांच्या हाती अष्टकोनी पावली लागली. पहिल्या महायुद्धामुळे चांदी महागली म्हणून काढलेली, तांबं-निकेलची. निघाली फक्त १९१९, १९२० आणि १९२१ या तीन साली. म्हणजे उत्तर तीनांपैकी एक, पण नाना रात्री साडेअकरापर्यंत जागे. द्रावण निळसर-हिरवं झालं. “अहो, ती शिऱ्याची वाटी आहे!” आतून आवाज आला. “शांत बस, एकोणीस आलंय!” नानांनी भिंगातून डोळा काढला नाही.

पहिल्या दोन आकड्यांबद्दल कुणालाच शंका नव्हती. पुढचे दोन यायला आणखी तासभर गेला. शेवटचा आकडा एक की नऊ, यावर नाना-नानींचं एकमत झालं नाही, म्हणून मला उठवून आणलं. मी झोपेत ‘सात’ म्हणालो. नाना अजून नीट बोलत नाहीत.

रविवारी त्यांनी ती पावली जुन्या बाजारात दाखवली. दुकानदाराने बोट फिरवलं. “काका, आम्लात टाकलंत ना? आता वजनावर घेईन.” नाना खिशात टाकून परत आले. विकायला गेलेच नव्हते म्हणे, फक्त त्याचं ज्ञान तपासत होते.

काल संध्याकाळी आमच्याकडे आले आणि चहा होईपर्यंत देव्हाऱ्यासमोर रेंगाळले. तिथे आजीची शिवराई असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, दोन्ही जेमतेम.

“दोन दिवसांसाठी देतोस?”

“नाना, हिच्यावर सन घालतच नसत. तुम्हीच सांगितलंत.”

“घालत नसत, कबूल,” नाना शिवराई उजेडात धरत म्हणाले, “पण कुणी टाकून बघितलंय का?”