शहाऐंशीवाले आबा

कोल्हापुरात पेठ कुठलीही असो, तालमीच्या कट्ट्यावर एक आबा असतातच. वय सत्तरीच्या पुढं, गुडघ्याला पट्टा. हा पट्टा एका फायनलमधल्या आडव्या पायामुळं लागला, अशी ख्याती. कुठली फायनल, हे नव्या माणसानं विचारू नये. विचारलं की त्याची संध्याकाळ गेली.

इथल्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही पोसला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं परगावच्या माणसाला आखाड्यांची वाटतील. शाहू स्टेडियमवर ती गोलफलकावर दिसतात. आबा ऐन उमेदीत राइट आउट खेळायचे. ती जागाच आता उरली नाही, हे त्यांचं पहिलं दुःख. हल्लीचा विंगर बचावाला मागं पळाला की ते कळवळतात, "आरं, तुझं घर पुढं हाय! मागं काय राखण करतोस?"

आबांचं पंचांग 1986 पासून सुरू होतं. मेक्सिकोतला वर्ल्ड कप, रात्र जागून बघितलेला. इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाच्या मॅराडोनानं निम्म्या मैदानापासून चेंडू नेला आणि गोलकीपरसकट पाच जणांना चकवलं, अशी इतिहासात नोंद आहे. आबांच्या सांगण्यात ते पहिल्यांदा पाचच होते. मधे सात झाले. गेल्या गणपतीत नऊवर पोचले आणि त्यात एक राखीव खेळाडूही होता.

त्यांना अडवायला कट्ट्यावर ब्राझीलवाले तात्या असतात. तात्यांचा देव झिको. 1982 ला इटलीच्या पावलो रॉस्सीनं तीन गोल मारून ब्राझीलला 3-2 असं घरी धाडलं, त्याचं सुतक तात्या अजून पाळतात. 2014 च्या सेमीफायनलला जर्मनीनं ब्राझीलला सात गोल चारले, तेव्हा ते आठवडाभर कट्ट्याकडं फिरकले नाहीत. आबांनी टोमण्यांची जय्यत तयारी केली होती. पण पाचच दिवसांनी त्याच जर्मनीनं फायनलमध्ये आबांच्या अर्जेंटिनाला हरवलं. मग दोघांनी मिळून जर्मनीला शिव्या घातल्या. कट्ट्यावर एवढी एकी पुन्हा दिसली नाही.

नव्या खेळाबद्दल मात्र दोघांचं एकमत. 1992 साली नियम बदलला आणि आपल्याच गड्यानं पायानं दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येईना. तेव्हापासून गोलकीपर पायानं खेळायला शिकले. ते बघून आबा विचारतात, "ह्यो गोलकीपर हाय का हाफ?" स्पेननं 2010 चा कप सात मॅचमध्ये आठ गोल मारून जिंकला, यावर तात्यांचं मत: "पास देऊन देऊन समोरच्याला झोपवलं, आन् मग गोल मारला."

एका आगाऊ पोरानं मोबाइल काढून हिशेब मांडला. 1986 ला 52 मॅचमध्ये 132 गोल, 2022 ला 64 मॅचमध्ये 172. म्हणजे सरासरीनंसुद्धा नवाच खेळ पुढं. आबांनी चहाचा घोट संथपणे घेतला. "मर्दा, गोल मोजायचा आसतोय व्हय? बघायचा आसतोय."

बोलायला फुटबॉल संपला म्हणतात, पण मॅच एक चुकवत नाहीत. 2022 च्या फायनलला एम्बापेनं तीन गोल मारून 3-3 केलं, तेव्हा आबा टीव्हीकडं पाठ करून बसले होते आणि पेनल्टी नातवाकडून ऐकत होते. अर्जेंटिना जिंकल्यावर म्हणाले, "मेस्सी बरा हाय." आबांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे भारतरत्नच.

शाहू स्टेडियमवर कधी त्यांच्या शेजारी जागा मिळाली, तर शेंगा पुढं करा, शहाऐंशीचं विचारा, खुशाल ऐका. फक्त व्हीएआरचा, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचाचा, विषय काढू नका. तो तेव्हा असता, तर इंग्लंडविरुद्धचा मॅराडोनाचा पहिला गोल हाताचा म्हणून रद्द झाला असता, हे आबांनाही पक्कं ठाऊक आहे.