‘अस्सल शिवकालीन’ भांडी विकणाऱ्या शेठजींना खुले पत्र

श्रीयुत राजमान्य राजश्री शेठजी यांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पाचाडला मावळ्यांच्या वेषात आम्ही राज्याभिषेकाच्या काळातली छावणी लावतो. मुलांनी तेव्हाची चूल पाहावी, तेव्हाच्या भांड्यात रांधलेले खावे, एवढाच हेतू. त्यासाठी आपला ‘अस्सल शिवकालीन’ संच घेतला. आपले उपकार कसे फेडावेत?

तांब्याचा पेला राखेने घासला आणि काठाशी लखलखीत स्टेनलेस स्टील उघडे पडले. हे पोलाद शेफील्डमध्ये १९१३ साली गवसले. आपण ते १६७४ सालीच रायगडावर पोहोचते केलेत! एवढी मजल भल्याभल्या इतिहासकारांनाही जमली नाही.

पितळी गडव्याला आपण कल्हई लावली नाहीत. कथील वाचले, नवसागर वाचला, कल्हईवाल्याची मजुरी वाचली. आमचे ताक तेवढे कळकले. मुलांच्या तोंडी लागण्याआधी ते ओतून दिले, ही देवाची कृपा.

पातेले जुने दिसावे म्हणून आपण बाहेरून काळा रंग फासलात, ही कलादृष्टी दुर्मीळच. चुलीवर चढवताच रंगाला फोड आले आणि अख्ख्या पिठल्याला वार्निशचा वास लागला.

मठारकामाचे तर किती कौतुक करावे! ठोक्यांच्या सगळ्या खुणा एका मापाच्या, एका अंतरावर. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना काही हे साधत नाही. ते बिचारे हाताने एकेक ठोका देतात आणि त्या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो. आपण साच्यातून नुसत्या खुणा काढता आणि वर ‘हस्तकला’ अशी चिठ्ठी डकवता. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाचा याहून मोठा सन्मान कोणता?

आता एक नम्र विनंती. पुण्याच्या केळकर संग्रहालयात एकदा पायधूळ झाडावी आणि जुनी भांडी डोळे भरून पाहावीत. ते जमत नसेल, तर कुंभाराचे मडके, लाकडी काठवट, पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण विकावेत. साध्या शिपाईगड्याला शोभतील अशा या वस्तू आजही मिळतात, आणि त्यांना खोटी चिठ्ठी लागत नाही. तोवर आपल्या पेल्यावर ‘स्टील, वर तांब्याचा मुलामा’ एवढे खरे लिहावे.

आणि वाचकहो, भांडे घेताना काठ खरवडून पाहा, कल्हईची चौकशी करा, घडवणाऱ्याचे नाव विचारा. नाव सांगता येत नसेल, तर भांडे तिथेच ठेवा.

शेठजी, बहुत काय लिहिणे? आपण सुज्ञ आहात.

आपला,
एक गिऱ्हाईक