मिसळीचे रूपदर्शन

ज्या काळी उपाहारगृहाची कीर्ती गल्लीच्या तोंडाशी पोहोचणाऱ्या फोडणीच्या वासावर ठरत असे तो काळ आता इतिहासजमा झाला असून, वासाला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शिरकाव नसल्यामुळे त्याचे सारे अखत्यार छायाचित्राकडे वर्ग झाले आहेत. सबब घरपोच मिसळ विकू इच्छिणाऱ्या मालकाने आचाऱ्याच्या आधी छायाचित्रकाराची नेमणूक करावी, हे ओघानेच आले.

या शास्त्राचे नियम मोठे काटेकोर आहेत. फ्लॅश वर्ज्य मानावा, कारण त्याच्या झोताने लालभडक तर्रीवर पांढरा डाग उमटतो. खिडकीचा तिरका उजेड घेऊन पलीकडे पांढरा पुठ्ठा धरावा, म्हणजे सावली सौम्य होते. थाळी वरून टिपावी, वडापाव समोरून आणि मिसळ पंचेचाळीस अंशांतून. फरसाण रश्श्यात बुडू नये म्हणून तळाशी एक वाटी पालथी घालावी. या युक्तीस थोर परंपरा आहे: अमेरिकेतील कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातीत सुपातील भाज्या वर दिसाव्यात म्हणून तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, आणि १९७० च्या सुमारास तेथील सरकारी आयोगाने त्यांचा जाब विचारला होता. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु रस्सा दाट असला की तळाचा पंचनामा अवघड जातो.

एवढी साधना झाल्यावर ग्राहकाच्या दारी जे अवतरते ते मिसळीचे रीतसर खातेवाटप असते: रस्सा गाठ मारलेल्या पिशवीत, उसळ डबीत, फरसाण पुडीत, कांदा कागदात आणि पाव स्वतःच्याच वाफेने ओलाचिंब. चित्रदर्शनाने व्याकूळ झालेला गृहस्थ दातांनी गाठ सोडवू जातो, वाटीभर तर्री सदऱ्यावर दाखल करून घेतो आणि ट्यूबलाइटच्या मरतुकड्या उजेडात त्या अनर्थाचे छायाचित्र काढून तक्रारीस जोडतो. साऱ्या व्यवहारातील एकमेव अस्सल दस्तऐवज हाच होय.

आमची नम्र सूचना अशी की, मेनूवर हेच चित्र लावणे सक्तीचे करावे. अशाने मागणी बंद पडेल आणि भुकेल्या माणसांना नाइलाजाने उपाहारगृहातच यावे लागेल, हे खरे. त्यांच्यासाठी छायाचित्रणाच्या मांडामांडीपायी हलवलेली बाकडी मालकांना तेवढी परत आणावी लागतील.