मामा, हा पाना कसला?

भाचा बी.ए. झाला, त्याचे पेढे संपायच्या आत ‘पुढे काय?’ सुरू झालं. विचारण्यात आघाडीवर कोण, तर ज्यांची स्वतःची पोरं अजून घरीच बसलेली आहेत ते.

आमच्या वेळी या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं. सेवायोजन कार्यालयात नाव घालायचं, कार्ड वेळच्या वेळी रिन्यू करायचं आणि कॉलची वाट बघायची. 1959 च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळवायची सक्ती केली. कार्यालयाने धाडलेला उमेदवार घ्यायची मात्र केली नाही. ही मेख आम्हाला फार उशिरा कळली. तोवर कार्ड लग्नाच्या बैठकीत दाखवायला उपयोगी पडलं.

आता ‘महास्वयंम’वर नोंदणी होते आणि जिल्ह्याच्या गावी रोजगार मेळावे भरतात. अशाच एका मेळाव्याला भाच्यासोबत मी गेलो. त्याच्या फायलीत एमएस-सीआयटी, टायपिंग, स्पोकन इंग्लिश आणि व्यक्तिमत्त्व विकास अशी सर्टिफिकेटं होती. (व्यक्तिमत्त्व विकासाच्या सर्टिफिकेटवर त्याच्या नावाची वेलांटी चुकली होती.) मांडवात शिरण्याआधी सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. त्या दिवशी खरा धंदा झाला तो झेरॉक्सवाल्याचा.

पहिल्या टेबलावर ‘फ्रेशर पाहिजेत’ असं लिहिलं होतं. साहेबांनी विचारलं, ‘‘अनुभव किती?’’ दुसऱ्या टेबलावर पगार बारा हजार, दुचाकी स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. तिसरं टेबल विम्याचं. तिथल्या पोरीने भाच्याचा बायोडेटा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘काका, तुमच्या ओळखी बऱ्याच असतील ना?’’ भाच्याच्या आधी माझी निवड झाली. मी विचार करून कळवतो म्हटलं. अजून विचार चालू आहे.

मांडवाच्या कोपऱ्यात, पंख्याचं वारं जिथे पोचत नव्हतं तिथे, एका कारखान्याचे सुपरवायझर बसले होते. ते फाइल उघडतच नव्हते. पोरगं समोर आलं की हातात व्हर्नियर कॅलिपर आणि एक लोखंडी तुकडा द्यायचे. ‘‘वाच.’’ आयटीआयच्या एका किडकिडीत मुलाने जबडे तुकड्यावर टेकवले, अंगठ्याने अलगद सरकवले, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि म्हणाला, ‘‘चौदा पॉइंट बावीस.’’ सुपरवायझर म्हणाले, ‘‘सोमवारी ये.’’ मुलाखत संपली. त्याचं सर्टिफिकेट पिशवीतच राहिलं.

भाचा माझ्या कानाशी लागला, ‘‘मामा, हा पाना कसला?’’

यात पोराचा दोष नाही. पदवी म्हणजे वरचं आणि हातकाम म्हणजे नापासाचं, हे आपणच त्याला शिकवलं. सरकारही आपल्यातलंच. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिचं विद्यावेतन बघा: बारावीला 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000, पदवीधराला 10,000 रुपये. म्हणजे माझा भाचा त्या आयटीआयच्या मुलापेक्षा महिना दोन हजारांनी भारी! आमच्या सोसायटीची मोटर जळते तेव्हा हा हिशेब उलटा होतो. मोटर दुरुस्त करणारा दोन दिवस फोन उचलत नाही आणि आला की सगळी फ्लॅटमंडळी त्याच्यासाठी चहा घेऊन खाली उतरतात. मला आजवर पदवीसाठी असा चहा कुणी दिला नाही.

भाचा आता आयटीआयच्या वायरमन कोर्सचा फॉर्म भरायचं म्हणतोय. बहिणीला वाटतं, दहावीच्या पोरांत बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील! मला वाटतं, लोकांच्या घरचा फ्यूज उडाला की काय म्हणायचं ते म्हणतील. कोर्स दोन वर्षांचा. आयटीआयला किमान वय 14 लागतं, कमाल वयाची अट नाही. तुमच्या घरीही असा कोणी फाइलवाला असेल तर त्याला एवढं सांगा: फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्याला एजंट लागत नाही.